कातडीची ओढ

फाल्गुन लागला होता आणि आखाडा बाळापूरच्या आसपास ज्या वावरात बघावं तिथं हळद शिजत होती. संतरामचा नंबर मंगळवारी लागला. शंकरसिंगानं आपला हळद शिजवायचा भाड्याचा कुकर आदल्या दिवशीच ट्रॅक्टरमागं ओढत आणून बांधापाशी उभा केला. मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली भट्टी, दोन्ही बाजूंना दोन-दोन लोखंडी ड्रम. टाकीतली वाफ नळीनं ड्रमात जायची, आतले कंद शिजायचे. मग त्या ड्रमाच्या वाफेचा कॉक बंद करायचा, कोंडलेली वाफ जाऊ द्यायची आणि खालचं दार उघडून हळद ताडपत्रीवर सोडायची. अवघड काहीच नव्हतं. क्रम तेवढा चुकवायचा नव्हता.

दुपारपर्यंत नऊ ड्रम उतरले. ट्रॅक्टरचं डिझेल संपत आलं म्हणून शंकरसिंग फटफटीवर बसला. जाताना म्हणाला, "काका, मी येस्तोवर ड्रम उघडू नका. थोडं जास्त शिजलं तर काही बिघडत न्हाई."

पण पश्चिमेकडून काळं वर चढत होतं. आधीच्या नऊ ड्रमांची हळद उघड्यावर पसरली होती आणि दहावा उतरवून सगळीच झाकायची होती. अवकाळी पावसाचं पाणी लागलं असतं तर हळद काळी पडली असती, वर्षाचं काम मातीत गेलं असतं. संतराम भट्टीपाशी होता. सकाळपासून धुरानं त्याचे डोळे चुरचुरत होते. त्यानं कॉक फिरवला. तो शेजारच्या रिकाम्या ड्रमाचा होता.

"उघड!" तो टाकीच्या पलीकडून ओरडला.

त्याची बायको पार्वतीबाई शिजलेल्या ड्रमाच्या दारापाशी उभी होती. "बंद केलं का बराबर?"

"केलं म्हणलं ना! आभाळ बघ की. उघड!"

तिनं उजव्या हातानं कडी वर ढकलली.

संतरामला आधी तिचा आवाज आलाच नाही. वाफेचा फुत्कार आला, कंद ताडपत्रीवर कोसळल्याचा दणका आला, मग पांढऱ्या धुक्यातून ती बाहेर आली. उजवा हात अंगापासून लांब धरलेला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. पोलक्याची बाही दंडाला चिकटली होती. दंडापासून मनगटापर्यंत हात हळदीसारखा पिवळाजर्द, आणि कोपराच्या आतल्या बाजूला कातडी ओल्या कागदासारखी सरकली होती.

शेजारच्या वावरातली शिला पळत आली. "हळद लावा, हळद," ती म्हणाली आणि मग स्वतःच गप्प झाली.

दवाखान्यात पोचायला दिवस कलला. बाळापुरात सलाईन लावून त्यांनी नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं हात खारट पाण्यानं तीनदा धुतला, तरी पिवळा रंग निघेना. भाजणं किती खोल आहे ते कातडीच्या रंगावरून कळतं, आणि रंगच कळत नव्हता. नर्स कापसानं हळूहळू पुसत होती. पार्वतीबाई दात आवळून छताकडे बघत होती.

"वाफ चालू असताना दार उघडलं कसं?" डॉक्टरनं लिहिता लिहिता विचारलं.

संतराम भिंतीला टेकून उभा होता. पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठं राहिली ते त्याला आठवत नव्हतं.

"तिनंच घाई केली, साहेब," तो म्हणाला. "म्या थांब थांब म्हणत होतो."

पार्वतीबाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं तोंड भिंतीकडं केलं. डॉक्टरनं ऐकलं ते लिहिलं.

बाराव्या दिवशी तिच्या मांडीवरची पातळ कातडी सोलून हातावर लावली. आता तिला दोन जखमा झाल्या. हाताच्या जखमेपेक्षा मांडीची जास्त ठणकायची. आणि गंमत अशी, की मांडीची पंधरवड्यात आपसूक भरून आली. मागं फक्त चौकोनी गुलाबी डाग राहिला. हाताची कातडीही धरली. संतरामला वाटलं, झालं, सुटलो.

घरी सोडताना त्यांना हिंगोलीच्या दवाखान्यात व्यायामाच्या डॉक्टरणीकडं जायला सांगितलं. अनुश्री तिचं नाव, तिशीच्या आतबाहेरची, चष्मेवाली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिनं पार्वतीबाईचा हात उशीवर ठेवला, कोपराला कोनमापक लावलं.

"सरळ हात म्हणजे शून्य. तुमचा पंधराला थांबतोय. एवढं चांगलंय. पण खरं काम आता सुरू होणार, मावशी."

"जखम तर भरली की," संतराम म्हणाला.

"वरून भरली. आत अजून सहा महिने ते वर्षभर काम चालू राहणार." अनुश्रीनं आपला तळहात पसरला आणि सावकाश मूठ आवळत नेली. "जखम बुजवायची एवढंच शरीराला कळतं, काका. ते आत नवे धागे विणतं आणि चारी बाजूंनी ओढून घेतं. हात पुढं कामाचा राहील का, हे ते बघत नाही. हात दुमडलेला ठेवला की दुखत नाही, म्हणून माणूस दुमडलेलाच ठेवतं, आणि धागे तिथंच आवळून बसतात. म्हणून त्यांना रोज ताणायचं. तेल लावून चोळायचं, हात सरळ करायचा, सरळ धरून ठेवायचा. कातडी पांढरी पडेपर्यंत."

तिनं करून दाखवलं. एक हात दंडावर, एक मनगटावर. पार्वतीबाईचा चेहरा आकसला, पायाची बोटं वळली. अनुश्री शांतपणे साठ मोजून थांबली.

"दिवसातून पाच वेळा. व्यायाम नसेल तेव्हा आणि झोपताना हा साचा बांधायचा. हात सरळ राहतो त्यात." तिनं पांढरा, पन्हाळीसारखा प्लास्टिकचा साचा आणि वर घालायची घट्ट बाही दिली. "मावशी ओरडतील. त्या ओरडल्या म्हणून सोडायचं नाही. आणि दर पंधरा दिवसांनी मला दाखवायचं. घरी कोण करणार?"

घरी दोघंच होती. एकुलती लेक प्रतिक्षा डोंगरकडा गावी दिलेली.

"मीच," संतराम म्हणाला.

पहिले आठ दिवस त्यानं केलं. पडवीत गोणपाट टाकायचं, पार्वतीबाईला भिंतीला टेकवून बसवायचं, खोबरेल तेल तळहातावर घ्यायचं. लावलेली कातडी जाळीसारखी दिसायची. तिच्या कडेला लाल, जाड वळ उठत होते. संतरामची बोटं नांगराच्या मुठीनं घट्टे पडलेली. त्या बोटांना वळाची उष्णता लागायची. तो दंड धरायचा, मनगट धरायचा आणि दाबायचा.

"आय आय आय, सोडा, सोडा हो!"

तो मोजत असायचा. वीस, एकवीस. ती ओरडली की त्याच्या कानात वाफेचा फुत्कार यायचा आणि हातातला जोर जायचा. पंचविसाला सोडायचा. पुढं पंधराला. पुढं ती नुसती "आय" म्हणाली की सोडायचा.

"झालं?" ती विचारायची.

"झालं."

खाज तर त्याहून वाईट होती. उन्हाळ्यात त्या घट्ट बाहीखाली हात असा खाजायचा, की ती खांबाला घासायची. साचा बांधला की तिला झोप लागायची नाही. एकदा दिवेलागणीला ती रडवेली होऊन म्हणाली, "थोडा टाइम साचा काढा ना. जीव जाऊन राहिला माजा." संतरामनं पट्टे सोडले. तिनं हात दुमडून छातीशी घेतला, आणि तिच्या तोंडावर सुख आलं. आपण हिच्यासाठी काहीतरी चांगलं केलं असं किती दिवसांनी वाटलं त्याला. दुसऱ्या दिवशी त्यानं न मागताच पट्टे सोडले. मग साचा फडताळात गेला. अनुश्रीकडं जायच्या वारी काही ना काही काम निघायचंच. कुळवाची पाळी घालायची होती, बेणं निवडायचं होतं, एकदा एसटीच आली नाही. दवाखान्यातून फोन आला की तो म्हणायचा, "चालू हाय, म्याडम. बराबर चालू हाय."

मृगात हळद लावली. पार्वतीबाई डाव्या हातानं बेणं टाकत होती. उजवा हात पदराखाली दुमडलेला असायचा, पंख मोडलेल्या कोंबडीसारखा. शिला म्हणाली, "भावजी, हिचा हात वाकडा दिसून राहिला." संतरामनं ऐकलं नाही असं केलं. त्याला दिसत होतं. कोपराच्या घडीत एक दोरी तयार झाली होती, चांगली बोटाएवढी जाड. हात उघडायला गेलं की ती ताठ उभी राहायची, आणि हात तिथंच थांबायचा.

पोळ्याला प्रतिक्षा आली. माय चुलीपाशी बसून डाव्या हातानं पुरण घाटत होती. प्रतिक्षानं तिचा हात धरला, उघडायला गेली आणि दचकली.

"माय, हे काय? हात तर उघडून नाही राहिला!"

"होईल हळूहळू."

"साचा कुठाय?"

मायनं फडताळाकडं बघितलं. प्रतिक्षानं फडताळ उघडलं. साच्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. ती साचा घेऊन पडवीत आली. संतराम बैलाच्या शिंगाला हिंगुळ लावत होता.

"आबा, किती दिवसांपासून हे असं हाय?"

"तिला तकलीफ व्हायची गं. बघवत नव्हतं."

"आणि आता बघवतंय?"

"त्यांना काहून बोलतीस?" पार्वतीबाई आतून म्हणाली. "मीच काढायला लावला. माजंच चुकलं."

संतरामचा लाल हात बैलाच्या शिंगावर तसाच राहिला. बैलानं मान हलवली तेव्हा तो भानावर आला.

दुसऱ्या दिवशी तिघंही हिंगोलीला गेली. अनुश्रीनं कोनमापक लावलं. आकडा बघून तिनं जुना कागद काढला.

"साठ. पंधराचे साठ झाले." तिनं बोटानं ती दोरी दाबली. "आता नुसत्या ताणण्यानं हे सुटायचं नाही. परत ऑपरेशन लागेल. ही दोरी कापायची, तिथं परत मांडीची कातडी लावायची. आणि मग पुन्हा हेच सगळं, पहिल्यापासून."

पार्वतीबाईनं लुगड्यावरून नकळत आपली चांगली मांडी झाकली.

घरी आल्यावर प्रतिक्षा पाणी आणायला गेली. संतराम उंबऱ्यावर बसला होता. त्याला वाटलं काहीतरी म्हणावं, म्हणून म्हणाला, "मला तुजा आरडा ऐकवत नव्हता. दया यायची."

पार्वतीबाई खांबाला टेकून उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

"माजी दया असती तर दाबलं असतं तुमी. तुमाला सोताची दया येऊन राहिली होती. म्या ओरडले की तुमाला त्या दिवसाचं आठवायचं, म्हणून सोडायचे तुमी. म्या काय वळखत न्हाई का?"

संतरामनं मान खाली घातली.

"दवाखान्यात तुमी काय सांगितलं ते म्या ऐकलं. गावानंबी तेच धरलं, पार्वतीनं घाई केली म्हणून. म्या कुणाला उलटून बोलले का? न्हाई. पण हातानं काय सोसलं ते मलाच ठाव." ती थांबली. "आता दुसरी मांडी सोलतील. त्याच्या म्होरं तुमाला जमत नसंल तर आजच सांगा. म्या पोरीकडं जाऊन ऱ्हाते."

प्रतिक्षा घागर घेऊन आली, तेव्हा दोघंही आपापल्या जागी होती.

दिवाळीनंतर नांदेडला भरती केलं. नवा डॉक्टर, नवा कागद. तोच प्रश्न आला, कसं भाजलं. या वेळी पार्वतीबाई खुर्चीत बसली होती आणि प्रतिक्षा तिच्यामागं उभी होती. पार्वतीबाईनं तोंड उघडलं, पण संतराम आधी बोलला.

"माज्या हातून झालं, साहेब. कॉक बंद नव्हता. ती इचारत होती, तरी म्या उघड म्हणलं."

डॉक्टरला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यानं मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, साखर आहे का, रक्तदाब आहे का. पण प्रतिक्षा बापाकडं बघत राहिली. मग तिनं नजर काढून घेतली आणि मायच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून ती बापाशी कामापुरतं बोलायला लागली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या मांडीवर दुसरा चौकोन उमटला. पौषात पार्वतीबाई घरी आली तेव्हा हात पुन्हा जवळजवळ सरळ होता, आणि संतरामला ठाऊक होतं, की आतमध्ये ते धागे पुन्हा विणले जात आहेत.

सकाळी उठल्यावर, न्याहारीनंतर, दुपारी, कलत्या उन्हात, जेवणाआधी. पडवीत गोणपाट, तेलाची वाटी. तो दंड धरायचा, मनगट धरायचा.

"आय... आय गं..."

त्याच्या कानात फुत्कार यायचाच. तो गेला नाही. पण त्याच्यावरून तो मोठ्यानं आकडे म्हणायचा. "चाळीस, एक्केचाळीस." त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या हातावर पडायचा. ती डाव्या हातानं त्याच्या धोतराचा सोगा पिळायची, शिव्या द्यायची. आयुष्यात कधी नवऱ्याला अरे म्हणाली नव्हती, ती म्हणायची, "मेल्या, सोड!" तो म्हणायचा, "पन्नास." कातडी पांढरी पडायची. साठ झाले की तो हात सोडायचा आणि वळून अंगणात जायचा. तिथं थोडा वेळ उभा राहायचा. आत ती डोळे पुसून घ्यायची. मग दोघं आपापल्या कामाला लागायची.

शिला एकदा हे बघून गेली आणि गावात म्हणाली, "म्हातारा बायकोला छळून राहिला." संतरामच्या कानावर ते आलं. देवळापुढं दोघातिघांनी त्याला विचारलंही, हसत हसत. तो म्हणाला, "व्हय, छळतो," आणि पुढं गेला.

साचा प्रत्येक वेळी तोच बांधायचा. हिंगोलीची एकही वारी चुकली नाही. अठराच्या आसपास हात काही आठवडे टिकला. उन्हाळ्यात वळ पुन्हा जाड झाले, तेवीस झाले, पुढं पंचवीस. मग किती दाबलं तरी आकडा हलेना. वळ मात्र मऊ पडत चालले. लाल रंग जाऊन तांबूस झाला, मग तिच्या अंगाच्या रंगाच्या जवळ आला. खाज गेली.

आषाढात अनुश्रीनं कातडी चिमटीत धरून बघितली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितली, तीनदा मोजलं.

"मावशी, आता हे शांत झालंय," ती म्हणाली. "आतलं काम संपलं. आता ओढणारही नाही, आणि सुटणारही नाही. पंचवीस."

"म्हंजी एवढाच?" पार्वतीबाईनं विचारलं.

"एवढाच. तुम्ही दोघांनी खूप केलं. पण मधले ते महिने गेले नसते तर..." तिनं वाक्य तिथंच ठेवलं आणि कागदावर सही केली. "परत यायची गरज नाही."

पार्वतीबाईनं हात समोर धरून बघितला, बाजारात एखादी वस्तू उलटसुलट करून बघावी तसा. मग बाही खाली ओढली आणि उठली. संतराम पिशवी उचलायला वाकला. त्याला उठायला जरा वेळ लागला.

श्रावणात हळदीला तण मातलं. खुरपणीला पाच बाया सांगितल्या, त्यात शिला होती. पार्वतीबाई सकाळीच म्हणाली, "म्या पण येते."

"राहू दे ना," असं संतरामच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं.

वावरात प्रत्येकीनं एक सरी धरली. ओली माती, गुडघ्याएवढी पानं, पानांच्या कडा हाताला कापत होत्या. उजवा हात पुरा लांब होत नसल्यानं पार्वतीबाईला तणापर्यंत पोचायला अंग पुढं टाकावं लागायचं. चार बोटांची जागा खुरपायची, बूड उचलायचं, पुढं सरकायचं, परत अंग पुढं टाकायचं. बाकीच्या एका बैठकीत हातभर जागा काढायच्या. घटकाभरात त्या तिला मागं टाकून गेल्या. त्यांचं बोलणं आधी कळत होतं, मग नुसता गलका ऐकू येऊ लागला. शिलानं एकदा मान वळवून बघितलं आणि मुद्दाम खुरपं सावकाश चालवलं. दुसरी कुणीतरी तिला म्हणाली, "चल की गं," आणि ती पुढं गेली.

संतराम पार्वतीबाईच्या शेजारच्या सरीत बसला होता. तोही सावकाश खुरपत होता. काढलेलंच तण पुन्हा झटकत होता, ढेकूळ उगीच फोडत होता. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, की बाजूच्या सरीतलं खुरपं थांबलंय.

पार्वतीबाई त्याच्याकडं बघत होती. तोंडावर घाम, कपाळाला मातीचा ओघळ.

"तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली.

"हाय ना मी. काय घाई हाय."

"म्होरं व्हा म्हणलं ना. माजी सरी म्या काढते. दिस मावळंस्तोवर काढीन."

तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं मान खाली घातली, अंग पुढं टाकलं आणि खुरपं चालवलं.

संतरामनं खुरप्यावरची मूठ घट्ट केली आणि तो आपल्या नेहमीच्या चालीनं सरी काढू लागला. चार हात पुढं गेला, आठ हात, मग सरीच्या मधोमध पोचला. मागं खुरप्याचा आवाज येत होता. दोन घाव, मग थांबणं, मग अंग सरकल्याचं, पानं सळसळल्याचं, मग परत दोन घाव. त्याची मान मागं वळायला बघत होती. त्यानं ती वळू दिली नाही.